ऐकिवात नाही

१

सत्र संपत आलं की कायद्याच्या कॉलेजात दोनच प्रकारची मुलं दिसतात. सगळं वाचून झालंय असं दाखवणारी आणि काहीच वाचलेलं नाही असं दाखवणारी. मी पहिल्यांतली, माझी मैत्रीण दुसऱ्यांतली. तिला आम्ही ‘तारीख’ म्हणायचो, कारण समोर कुठलंही काम आलं की ती आधी पुढची तारीख मागायची. दोघींचा अभ्यास सारखाच कच्चा होता. फरक फक्त चेहऱ्यांत होता.

पुराव्याच्या कायद्याची तोंडी परीक्षा म्हणजे एक लुटुपुटूचा खटला असतो. खटला आपणच रचायचा, वकील आपणच व्हायचं आणि न्यायाधीश म्हणून आमचे सर बसायचे. बाकीच्या गटांनी खून-दरोडे घेतले होते. मी माझ्या घरचाच दावा उचलला. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी मारावेत. मार्क मिळतील आणि घरच्या दाव्याची रंगीत तालीमही होईल.

घरचा दावा असा होता. माझा मोठा भाऊ, दादा, एका सकाळी घरातून निघाला आणि परत आलाच नाही. भांडण नाही, प्रेमप्रकरण नाही, काही नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाला. कायदा म्हणतो की ज्यांना एखाद्याची खबर सहज लागायला हवी, त्यांच्याच ऐकिवात तो सात वर्षं नसेल, तर तो मेला असं धरून चालावं. आमची सात वर्षं त्या सत्रात भरली आणि बाबांनी कोर्टात दावा लावला.

कॉलेजातला खटला जुन्या चित्रकलेच्या वर्गात होता. सकाळची वेळ, उन्हाचे पट्टे, खडूची धूळ. प्रतिवादी बेपत्ता असला तरी दाराबाहेर जाऊन त्याच्या नावाचा तीनदा पुकारा करावा लागतो, म्हणून ते काम तारखेकडे होतं. नाव खोटं द्यायला हवं होतं. कंटाळा केला आणि दादाचंच दिलं, बाबांच्या नावासकट.

तारीख दारात उभी राहून ओरडली. मुलं खिदळली. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा नाव संपतं न संपतं तोच बाहेरून आवाज आला, “आलो.”

वर्ग हसून हसून लोळला. सरसुद्धा हसले. चष्मा पुसत म्हणाले, “लक्षात ठेवा वकीलमंडळी. ‘आलो’ म्हणणारा माणूस आलेला नसतो. आलेला माणूस ‘आलो’ कशाला म्हणेल? तो समोर दिसतो. प्रतिवादी गैरहजर, पुढे चला.”

मी पुढे चालले. युक्तिवाद बरा झाला, सरांनी मानही डोलावली. पण आवाज डोक्यातून जाईना. शर्ट डोक्यावरून ओढून घालताना कुणी हाक मारली की माणूस कापडातूनच उत्तर देतो ना, तसा तो दबका होता. घाईतला आणि घरगुती. चेष्टा करणाऱ्या मुलाचा आवाज असा येत नाही.

संपल्यावर मी बाहेर जाऊन पाहिलं. तो बोळ पुढे बंदच होतो. शेवटी मोडक्या बाकांची खोली आहे आणि तिला कुलूप असतं. कुलूप होतंच, वर कोळिष्टकंही होती. मी स्वतःला म्हटलं की आवाज खिडकीतून खालच्या मैदानावरून आला असेल. उलटतपासणीत हे उत्तर टिकलं नसतं, पण उलटतपासणी घ्यायला तिथे होतं कोण?

२

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. समोर बैठकीची खोली, आत स्वयंपाकघर, एका अंगाला आमच्या खोल्या आणि शेवटी दादाची. दादाच्या खोलीचं दार नेहमी लोटलेलं असायचं.

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. डोळ्यांना दिसतं तेवढं खरं, बाकी सगळं नंबर वाढल्याची लक्षणं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दादाला मनातून कधीच पोचवलं होतं. दावा त्यांनी दादासाठी लावलाच नव्हता, लावला होता आईसाठी. दादा गेल्यापासून आईने घर सोडलं नव्हतं. सोडलं नव्हतं म्हणजे अक्षरशः. भाजी मी आणायची, डॉक्टर घरी यायचे. स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या लग्नालाही ती गेली नाही. विचारलं तर म्हणायची, “घरात कुणीतरी असायला हवं.” घर बाबा आणि दादा दोघांच्या नावावर, म्हणून विकायला कोर्टाचा शब्द हवा होता. आणि आईने एकदा, एकदाच, कबूल केलं होतं, “कोर्टाने सांगितलं की तो नाही, तर येईन मी दुसरीकडे.” बाबांनी ते वाक्य धरून ठेवलं होतं. मीही. मला माझी आई परत हवी होती. रस्त्याने चालणारी, दुकानदाराशी घासाघीस करणारी, माझ्यावर सगळ्यांदेखत ओरडणारी.

त्या संध्याकाळी जेवताना मी कॉलेजातली गंमत सांगितली. पुकारा, ‘आलो’, सरांचा विनोद. दादाचंच नाव दिलं होतं हे मात्र गाळलं. बाबा हसले. “तुझ्या कोर्टात मजा आहे गं. आमच्याकडे वकील नुसता घसा खाकरतो.”

आई वाढता वाढता थांबली होती.

“लांबून आला का आवाज?” तिने विचारलं.

“काय?”

“लांबून आला की जवळून?”

“दारापलीकडून. का गं?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा वाढायला लागली. पण मला आमटी दोनदा वाढली आणि बाबांना वाढलीच नाही. ऐकणारी प्रत्येक व्यक्ती ‘कोण होतं’ असं विचारते. ‘किती लांब होतं’ असं कुणी विचारत नाही. साक्षीदाराने न विचारलेलं सांगितलं की कान टवकारावेत, असं सर शिकवतात. मी ताटात मान घालून जेवले.

३

परीक्षा तोंडावर आलेली असताना असल्या गोष्टींत जीव घालवणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. तो मी केला. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तारखेला ओढत त्या वर्गात नेलं. चित्रकलेच्या वर्गात चिटपाखरू नव्हतं.

“अगं, मला करार-कायद्याचे चार धडे बाकी आहेत,” ती कुरकुरली. “पुढच्या आठवड्यात करू या ना.”

“एकदाच. तू दाराशी उभी राहा. मी हाक मारते.”

मी दादाच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. काही नाही. खाली कुठेतरी नळ ठिबकत होता. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. कशाचं वाईट वाटलं, ते त्या वेळी कळलं नाही. आता कळतं. तो दादा असावा असं मला वाटत होतं.

“झालं समाधान?” तारीख म्हणाली. आणि तिला काय लहर आली कोण जाणे, माझी नक्कल करत, हात कमरेवर ठेवून, तिने स्वतःच एक नाव ठोकून दिलं. वाट्टेल ते, लांबलचक, नाटकातल्या सरदाराला शोभेल असं. असा माणूस जगात कधी झाला नसेल.

“आलो.”

तोच आवाज. कापडातून आलेला, घाईतला. या वेळी बाकांच्या खोलीतून नाही. बोळाच्या मध्यावरून, जिथे नुसती भिंत आहे तिथून.

तारखेची पाचावर धारण बसली. ती जिना कशी उतरली ते तिचं तिलाच ठाऊक, एक चप्पल वरच राहिली. मी चप्पल उचलली आणि तिथेच उभी राहिले. डोकं मात्र चाललं होतं. ज्या नावाचा माणूसच नाही त्या नावालाही ओ मिळते, म्हणजे ओ देणारा दादा नाही. हाकेला ओ देणारं दुसरंच काहीतरी आहे. हाक कुणाच्याही नावाची असो. सिद्ध झालं.

असं काही सिद्ध करून घाम फुटतो, हे पुस्तकात दिलेलं नाही.

४

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा दुकानातून यायचे होते. मी चपला काढत होते आणि आई स्वयंपाकघरात होती. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग आईने हाक मारली, मला मारते तशीच, अगदी रोजची.

“चल रे जेवायला.”

“आलो,” दादाच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं.

एक चप्पल पायात तशीच ठेवून मी खोलीशी गेले आणि दार ढकललं. पलंग. टेबल. बंद कपाट. खुंटीवर दादाचा निळा शर्ट, आई दर महिन्याला धुऊन पुन्हा लावायची तो. खिडकी लावलेली. कुणी नाही.

“लोट ते दार,” आई माझ्या मागे येऊन म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

“आई, हा दादा नाही.”

“लोट आधी.”

“थांब, दाखवते तुला.” माझ्यातला वकील जागा झाला होता, आणि तो एकदा जागा झाला की मायेची माणसंही त्याला साक्षीदार दिसतात. मी त्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून तारखेने घेतलं होतं तसलंच एक नाव ठोकलं. खोलीने लगेच ओ दिली. पलंगाच्या पलीकडून, जमिनीलगत. मी दार ओढून घेतलं.

“बघितलंस? कुणाचंही नाव घे, आलोच म्हणतो. दादा असता तर...”

“मला माहीत आहे,” आई म्हणाली.

ती दादाच्या दाराला टेकून उभी राहिली. पदराने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

“पहिल्याच वर्षी कळलं मला. अगं, तुझा दादा कधी एका हाकेत ओ द्यायचा का? चार हाका मारल्याशिवाय ढिम्म हलायचा नाही. आणि मग वैतागून, ‘काय गं आई!’ हा तर लगेच आलो म्हणतो. मी वेडी नाही गं.”

“मग हाक का मारतेस?”

“हाक मारली की आलो म्हणतं, आणि थांबतं. येत नाही.” तिने दाराकडे पाहिलं नाही. “मागे मला ताप आला होता, आठवतं? दोन दिवस शुद्ध नव्हती. कुणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी उठले तर हे दार सताड उघडं, आणि माझ्या पलंगाजवळची चटई दुमडलेली. कुणीतरी उभं राहून दुमडावी तशी. तेव्हापासून चुकवली नाही मी. सकाळी तुम्ही दोघं बाहेर पडलात की एकदा, संध्याकाळी तुम्ही यायच्या आत एकदा.”

मला वाटत होतं आई दादाची वाट पाहत घरात बसली आहे. ती वाट पाहत नव्हती, ती राखण करत होती. आमची. मी जेवत होते, झोपत होते, परीक्षांची कुरकुर करत होते, आणि ही बाई सकाळ-संध्याकाळ हाक मारून त्याला दारापलीकडे अडवून धरत होती. मला रडू आवरेना. आई म्हणाली, “चप्पल काढ आधी. घरभर माती केलीस.”

५

दाव्याची सुनावणी नेमकी दोन पेपरांच्या मधल्या दिवशी लागली. न्यायाधीशांना आईचा जबाब तिच्याच तोंडून हवा होता. आई यायला तयार नव्हती. बाबांनी हात जोडले, तेव्हा मात्र ती निघाली. निघताना, बाबा खाली उतरल्यावर, तिने दादाच्या दाराशी जाऊन हाक मारली, ओ घेतली आणि मग खाली येऊन बाबांना म्हणाली, “लवकर परत येऊ.” रस्त्यावर ती भिंतीच्या कडेने चालत होती. एका दुकानापुढे थांबून म्हणाली, “इथे बँक होती ना?” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चष्म्यावर धूळ बसल्याचं सोंग करत त्यांनी ते पुसलं.

कोर्टाची खोली आमच्या चित्रकलेच्या वर्गापेक्षा लहान होती. पंखा आवाज करत होता. शिपाई बाहेर गेला आणि त्याने दादाच्या नावाचा पुकारा केला. मी पिंजऱ्याशी उभी. दाराबाहेरचा बोळ गजबजलेला, वकील, पक्षकार, चहाचे पेले. पहिला पुकारा. दुसरा. आईने बाकाची कड धरली होती. तिसरा.

काही नाही. लोक आपापलं बोलत राहिले. शिपाई आत येऊन म्हणाला, “कुणी नाही, साहेब.”

न्यायाधीशांनी मला विचारलं, “या सात वर्षांत भावाची काही खबर? तो तुमच्या ऐकिवात आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. “माझ्या ऐकिवात नाही.” ते खरं होतं. शपथेवर बोललेलं ते वाक्य शब्दशः खरं होतं, आणि बोलताना माझा दादा खरंच मेला. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी रडले नव्हते. तिथे, भर कोर्टात, परक्या माणसांसमोर रडले. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. बाबांच्या वकिलाने घसा खाकरला. आईचाही जबाब झाला, आणि त्याच दुपारी दादा कायद्याने गेला.

बाबा तिथूनच दुकानात गेले. बोळात आईने माझं मनगट पकडलं.

“घरी चल. धाव.”

“का गं? काहीच तर झालं नाही. ओ सुद्धा आली नाही.”

“तेच म्हणतेय मी. आली नाही.”

सरांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. आलेला माणूस ‘आलो’ कशाला म्हणेल?

आम्ही जिना चढलो. कुलूप आम्ही लावलं तसंच होतं. आत शिरलो तर घर रोजच्यासारखंच, फक्त शेवटचं दार अर्धं उघडं. आई पुढे झाली नाही. मी झाले.

खोलीच्या मधोमध, पाठमोरं, कुणीतरी निळा शर्ट अंगात घालत होतं. दोन्ही हात वर, बाह्यांत गेलेले. मनगटं बाहेर आली होती. हाताची बोटं माणसाचीच होती, फार स्वच्छ, लहान मुलाची असतात तशी न वापरलेली. डोकं अजून कापडात होतं. गळ्याच्या भोकातून ते वर यायला धडपडत होतं, आणि भोकातून केसांचा भोवरा दिसू लागला होता.

“चल रे जेवायला!” आई माझ्यामागून किंचाळली.

हालचाल थांबली.

“आलो,” शर्टातून आवाज आला.

मी दार ओढलं. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. बऱ्याच वेळाने मी पुन्हा उघडलं तेव्हा शर्ट खुंटीवर होता. एक बाही उलटी झालेली होती.

६

पुढचं मी ठरवलं. वकिलाने पक्षकाराला सांगावं तसं आईला सांगितलं, मध्ये बोलू दिलं नाही. बाबांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने जागा बघितलीच होती. “तू आणि बाबा जा. मी इथे राहते. बाबांना म्हणू, पेपर संपेपर्यंत शांतता हवी. हाक मी मारेन.”

“आणि पेपर संपल्यावर?”

“पुढचं पुढे. सात वर्षं तू केलंस ना? आता माझी पाळी.”

आई नाही नाही म्हणाली, पण कोर्टात जाताना तिने जे रस्ते पाहिले होते ते तिच्या डोळ्यांतून जात नव्हते. दोन बॅगा घेऊन ती गेली. मी सकाळ-संध्याकाळ हाक मारायचे, ओ यायची, मी अभ्यासाला बसायचे. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला झाली नाही. पण पाठांतर मोठ्याने केलं की जरा बरं जायचं.

आई मात्र फुलली. फोनवर सांगायची, आज बागेत तीन फेऱ्या मारल्या, आज फळवाल्याशी भांडले, आज शेजारणीने तिच्या सुनेच्या चहाड्या सांगितल्या. मी पुस्तक मिटून ऐकत राहायचे. हेच तर हवं होतं मला. मग फोन ठेवता ठेवता ती विचारायची, “दिली का ओ?” आणि मी म्हणायचे, “दिली.”

पुढे पुढे ती हे आधी विचारायला लागली, आणि बाग नंतर. मग एकदा म्हणाली, “मला ऐकव ना जरा.”

“वेडी आहेस का? कशाला?”

“उगीच. सवय गं. इथे जेवायला वाढते आणि तोंडात हाक येते. बाबा दुकानात, तू तिथे. कुणाला मारू?”

मी टाळलं. रोज टाळलं. शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी ती फोनवर रडायला लागली. डोकं शिणलेलं होतं, कलमं एकमेकांत मिसळत होती, आणि आईचं रडणं मला कधीच सोसत नाही. फोनचा आवाज मोठा करून मी तो दादाच्या दाराशी धरला. “मार एकदाच.”

“चल रे जेवायला,” फोनमधून आई म्हणाली.

काही नाही.

“आई, पुन्हा मार. लवकर.”

तिने पुन्हा मारली. आतून काही नाही. तिसरी मारली. मी दाराच्या कडीला हात घातला.

चौथ्या हाकेला आतून आवाज आला. दबका नव्हता तो. मोकळा, स्पष्ट, वैतागलेला.

“काय गं आई! कुठे आहेस तू?”

माझे डोळे भरून आले. हा दादाचा आवाज होता, अगदी तोच, झोपेतून उठवल्यावरचा. एक क्षण माझाही विश्वास बसला. आणि मग आठवलं की चार हाकांची ती गोष्ट आई मला याच दाराला टेकून सांगत होती.

“अरे, मी इथे!” आई फोनमध्ये हसत होती, रडत होती. “बागेसमोरची पिवळी इमारत. तिसरा मजला. डावीकडचं दार.”

मी फोन बंद केला. उशीर झाला होता. मी हाक मारली. दादाच्या नावाने मारली, मग तोंडाला येईल त्या नावाने, शेजाऱ्यांनी दारं उघडेपर्यंत मारत राहिले. ओ आली नाही. दार उघडलं. खुंटी रिकामी होती.

आईला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

“आई, बाबा कुठे आहेत?”

“दुकानात. का गं?”

“ऐक माझं. दाराला कडी घाल. काहीही झालं तरी उघडू नकोस. तो दादा नाही, आई, तूच म्हणाली होतीस, तो दादा नाही!”

“हो गं,” ती शांतपणे म्हणाली. “माहीत आहे मला.”

तिच्या बाजूला दारावर थाप पडली. मी ती ऐकली. तिने फोन टेबलावर ठेवला, बंद केला नाही. तिची पावलं लगबगीने लांब जाताना ऐकू आली, आणि सात वर्षांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात माझी आई म्हणाली,

“आले रे, आले.”